खड्ड्यांनी खाल्लेली डिस्क आणि लिनक्स मिंट : सात महिने वापरून

मी पोस्टाच्या आरडीची एजंट. कराडात हे काम करायला लागून एकोणीस वर्षं झाली. शनिवार पेठेतल्या दुकानांपासून विद्यानगरपर्यंत हप्ते गोळा करायचे, लॅपटॉपवर पोर्टलला लिस्ट करायची, पैसे पोस्टात भरायचे, पासबुकं परत पोचवायची. संगणकाबद्दल मी काही लिहावं इतकं मला कळत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. पण मे महिन्यात जे दहा दिवस मी त्या लॅपटॉपसमोर काढले, त्यात जे कळलं ते कुठल्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहिते.

लॅपटॉप जुना आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. तो रोज माझ्या स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत, पिशवीत उभा. मी झाकण लावायची आणि निघायची. आत विंडोज १० झोपलंय असं मला वाटायचं, पण ते बऱ्याचदा झोपलेलं नसायचंच. अपडेट चालू, डिस्क फिरतेय आणि खालून मलकापूरच्या सर्व्हिस रोडचे खड्डे. माहिती वाचणारं टोक फिरत्या चकतीपासून केसाच्या जाडीइतकंसुद्धा लांब नसतं, हे मला भाच्याने नंतर सांगितलं. त्याआधी चार वर्षं मी ते टोक चकतीवर आपटत होते.

जानेवारीत लॅपटॉप अडखळायला लागला. चालू व्हायला पंधरा मिनिटं, मधेच निळा पडदा. एका दुकानात नेला. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. त्यांनी विंडोज नवीन टाकून दिलं, पाचशे रुपये. नऊ दिवस चाललं. परत नेला, परत टाकून दिलं, परत पाचशे. दुसऱ्या वेळी मला न विचारता सगळी डिस्क फॉरमॅट केली आणि मुलीच्या साखरपुड्याचे फोटो गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "काकू, डिस्क गेलीय, नवीन एसएसडी टाका." एसएसडी म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवरची डिस्क. असेलही खरं. पण मग आधीचे हजार रुपये कशाचे होते? फॉरमॅट दोन मिनिटांत उरकलं होतं, म्हणजे ते झटपट फॉरमॅट. त्यात नुसती यादी पुसतात, जमीन तपासत नाहीत. हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

भाचा हिंजवडीत असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, एसएसडी मी पाठवतो." मी नको म्हटलं. ज्या डिस्कने माझे हजार रुपये खाल्ले, तिला नक्की काय झालंय ते मला बघायचंच होतं. शिवाय विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीची अपडेट मिळणार नव्हती आणि विंडोज ११ आठव्या पिढीच्या खालचा इंटेल प्रोसेसर घेत नाही. म्हणजे एसएसडी घातली तरी पुढचा प्रश्न होताच. मग त्याने पुण्याहून येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर एक पेनड्राइव्ह पाठवला. त्यात विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम, लिनक्स मिंट २२.१, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. फुकट आहे. रजिस्ट्रेशन नाही, ओटीपी नाही. पोर्टलवर रोज तीन ओटीपी घालणाऱ्या बाईला याचं केवढं अप्रूप, ते एजंट लोकांनाच कळेल.

यातली पहिली आवडलेली गोष्ट : पेनड्राइव्ह लावून, एफ-१२ दाबून तो निवडला, की हार्ड डिस्कला हात न लावता अख्खा संगणक चालू होतो. इंटरनेट, ब्राउझर, सगळं. डिस्क पूर्ण मेलेली असती तरी मी त्या दिवशी लिस्ट करू शकले असते. दुकानात तीनदा जाऊन मला हे कुणी दाखवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या आगाऊपणाची. भाच्याच्या फोनची वाट न बघता मी 'इन्स्टॉल' दाबलं आणि 'सगळी डिस्क पुसून टाका' निवडलं. अर्धा तास पट्टी सरकली, थांबली आणि एक खिडकी आली : फाइली कॉपी करताना एर्नो ५, इनपुट-आउटपुट एरर. खाली उपाय लिहिलेले. सीडी पुसून बघा, सीडी ड्राइव्हची काच साफ करा, हार्ड डिस्क जुनी झालीय का बघा आणि शेवटचा, मशीन थंड जागी न्या. मे महिना, कराड, दुपारचे अडीच. मी लॅपटॉप उचलून देवघरासमोरच्या फरशीवर ठेवला आणि परत केलं. परत तिथेच. भाचा संध्याकाळी इतका हसला की फोन ठेवावा लागला.

पण ती पाटी खोटी नाही. या इन्स्टॉलरला डिस्कची खराब जागा आपोआप चुकवता येत नाही. तो डिस्क तपासतही नाही, सांगितलेल्या जागेवर लिहीत जातो आणि अडला की थांबतो. ज्यांना वाटतं लिनक्स घातलं की खराब डिस्क सुधारते, त्यांनी हे आधी वाचावं. सुधारत काही नाही. मात्र कुठे खराब आहे ते बघायची सगळी हत्यारं त्याच पेनड्राइव्हवर आयती आहेत आणि माझ्या मते याला मार्क द्यायचे ते त्याचे.

त्यातलं पहिलं हत्यार म्हणजे मेनूतलं 'डिस्क्स'. ते उघडून 'स्मार्ट डेटा' बघायचा. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या दुखण्यांची वही स्वतःच लिहीत असते, ती इथे वाचता येते. माझ्या डिस्कसमोर लिहिलेलं : डिस्क ठीक आहे, १३६ बॅड सेक्टर. सेक्टर म्हणजे माहिती ठेवायचा डिस्कवरचा छोटा कप्पा. ठीक आहे आणि १३६ खराब, एकाच ओळीत! आमचे हे म्हणाले, तुझ्या डॉक्टरांसारखं लिहितंय.

त्या वहीत तीन ओळी बघायच्या, खाते नंबरासारख्या पाठ करून ठेवा. ५, १९७ आणि १९८. पाच नंबर म्हणजे डिस्कने कायमचे बाद करून राखीव कोट्यातून बदलून घेतलेले सेक्टर. १९७ म्हणजे पेंडिंग : वाचायला गेली, वाचता आले नाहीत, पण अजून बादही केलेले नाहीत. आरडीच्या भाषेत थकीत हप्ते. खातं बंद नाही, पण पैसे आलेले नाहीत. अशा सेक्टरवर नवीन काही लिहिलं, की डिस्क निर्णय घेते. लिहिलेलं टिकलं तर तीच जागा चालू ठेवते, नाहीतर राखीव सेक्टर देते. १९८ हाही न वाचता येणाऱ्यांचाच आकडा, डिस्कने स्वतःच्या तपासणीत सापडवलेला. आणि एक १९९ असतो, तो वाढत असेल तर आधी केबल बघायची, डिस्कला शिव्या नंतर. माझा १९९ शून्य होता, ५ नंबर शून्य होता, १९७ मध्ये १३६.

मग आलं 'बॅडब्लॉक्स', अख्खी डिस्क तुकड्यातुकड्याने तपासून खराब जागांची यादी काढणारं हत्यार. हे काळ्या खिडकीत टाइप करून चालवायचं असतं आणि मी सांगते, घाबरायचं काही नाही, पण डिस्कचं नाव दोनदा वाचायचं. नुसतं वाचून बघायचा प्रकार निरुपद्रवी आहे. लिहून बघायचाही प्रकार आहे, तो डिस्कवरचं सगळं पुसतो. मी वाचायचा घेतला, ४०९६ बाइटचा एक ब्लॉक धरून. रात्री साडेनऊला सुरू केलं. टक्केवारी आणि वेळ एका ओळीत सरकत राहते, शेजारी कंसात चुकांचे तीन आकडे. पहिले चार टक्के मी भांडी घासेपर्यंत झाले. ४.१८ टक्क्यांना ती ओळ जी थबकली, ती थबकलीच. आतून आवाज बदलला. आधी सुपात तांदूळ घोळल्यासारखी एकसारखी खरखर होती, आता एकदा घासल्याचा आवाज, मग थांबणं, परत तोच आवाज. डिस्क एकाच जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती. मी उशाशी घेऊन झोपले. (टकटक असा ठोका ऐकू आला असता तर भाचा म्हणाला होता, लगेच बंद कर, मग हे काही करायचं नाही. तो वाचणारं टोक निकामी झाल्याचा आवाज.)

पहाटे तीनला वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. बॅटरी जेमतेम वीस मिनिटांची. सकाळी बघते तर लॅपटॉप बंद आणि रात्रभर जमवलेली खराब ब्लॉकची यादी गायब. कारण पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटमध्ये आपण ठेवलेली फाइल रॅममध्ये असते, वीज गेली की संपली. हे लिहिताना अजून चिडते. तुम्ही करणार असाल तर यादी दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिहायला सांगा. आणि मधूनच पुढे सुरू करायचं असेल तर ब्लॉकचे आकडे देता येतात, फक्त शेवटचा आधी आणि पहिला नंतर, असे उलटे. असं का, कोण जाणे. मी सरळ दिले, त्याने नाकारले, उलटे दिले, घेतले.

दुसऱ्या रात्री पाऊस नव्हता. चार ते सात टक्के एवढा तुकडा काढायला पाच तास लागले आणि उरलेले त्र्याण्णव टक्के सकाळच्या चहा-अंघोळीपर्यंत पार पडले. एकूण १२,२०,९६,६४६ ब्लॉक, खराब २१७. त्यातले २१४ एकाच पट्ट्यात : एक्कावन्न लाखाच्या पुढे सुरू, शहाऐंशी लाखाच्या आसपास संपलेले. ४०९६ ने गुणलं की ते साधारण २१ जीबी ते ३५ जीबीच्या मधले. उरलेले तीन लांब, ३९८ जीबीजवळ.

आणि आता जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. परत 'डिस्क्स' उघडलं, तर पेंडिंग १३६ चे १७३६ झालेले! पोटात गोळा आला, वाटलं एका रात्रीत मी डिस्क मारली. मग कॅल्क्युलेटर काढला. ही डिस्क आतून ४०९६ चे सेक्टर ठेवते, पण बाहेर हिशोब ५१२ चा देते. एकात आठ. २१७ गुणिले ८, बरोब्बर १७३६. मेळ बसला! मारलं काही नव्हतं. जे खराब होतं ते आधी कुणी वाचायलाच गेलं नव्हतं म्हणून वहीत आलं नव्हतं, एवढंच. एकोणीस वर्षं लिस्टची बेरीज आणि रोकड जुळवतेय, पण त्या दिवशीचा मेळ वेगळा होता.

हेही कळलं की दुकानातलं विंडोज दरवेळी का कोसळत होतं. नवीन सिस्टीम डिस्कच्या सुरुवातीला बसते. पहिल्या तीसेक जीबीत विंडोजची सगळी गर्दी आणि नेमका तिथेच तो पट्टा. ४०० जीबीपेक्षा जास्त जागा धडधाकट पडून होती, आणि दोनदा घर बांधलं ते खचलेल्या जमिनीवर.

इस्त्रीने जळलेली साडी टाकून देत नाहीत. जळकं टोक निऱ्यांत खोचून नेसतात. मी तेच केलं. पेनड्राइव्हवरच डिस्कचे भाग पाडायचं 'जीपार्टेड' आहे, त्यात डिस्क आडव्या पट्टीसारखी दिसते. जुनं सगळं काढलं. अगदी सुरुवातीला ५१२ एमबीचा बूटचा, म्हणजे संगणक चालू होताना लागणारा, छोटा भाग, ती जागा चांगली होती. त्यानंतर नवीन भाग करताना 'आधी मोकळी जागा किती' अशी चौकट येते, त्यात ६१४४० भरलं, म्हणजे ६० गुणिले १०२४. जळका पट्टा ३५ ला संपतो, मी ६० च्या पुढे गेले, कारण खराबी शेजारी पसरते आणि मला पंचवीस जीबीचा मोह नव्हता. मग सिस्टीमला १०० जीबी, माझ्या फाइलींना २०० जीबी. ३६० च्या आसपास थांबले, पुढचं सोडून दिलं. ३९८ जवळचे ते तीन ब्लॉक तिकडेच राहू देत.

इन्स्टॉलरमध्ये या वेळी 'समथिंग एल्स' निवडायचं. त्यातलं कोष्टक नवख्याला घाबरवणारं आहे आणि इथे मी एक तारा कापते. सिस्टीमच्या भागाला नुसती तिरकी रेघ, फाइलींच्या भागाला तिरकी रेघ आणि होम, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणं शक्य नाही. भाचा फोनवर होता म्हणून जमलं. त्यानंतर मात्र चोवीस मिनिटांत काम झालं. एर्नो नाही, थंड जागा नाही.

आता वापराचं सांगते. चालू व्हायला सव्वा मिनिट लागतं, एसएसडीवाले हसतील, मी तेवढ्यात पासबुकं लावते. फायरफॉक्समध्ये पोर्टल, व्हॉट्सॲप वेब आणि लिब्रेऑफिसची शीट एकदम उघडी असली तरी ४ जीबीत गुदमरत नाही. जुन्या एक्सेल फाइली उघडतात, रंग थोडे इकडचे तिकडे होतात. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड आतच आहे, नुसता जोडायचा. मला इन्स्क्रिप्ट येतं म्हणून बरं. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये डीटीपी करणाऱ्यांनी मात्र इकडे येऊ नये, ती सॉफ्टवेअर विंडोजचीच आहेत. मेनू मराठीत करून बघितले, अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी आले, मी परत इंग्रजी केले. माझा छोटा लेझर प्रिंटर आपलीच खाजगी भाषा बोलणाऱ्यांपैकी आहे, त्याने तीन दिवस छळलं. आता प्रिंट असली की पीडीएफ करून मुलीच्या मशीनवर पाठवते. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा तोटा. नवीन कुणी घेणार असेल तर आधी पेनड्राइव्हवरून चालू करून प्रिंटर आणि वायफाय तपासून मगच डिस्कला हात लावा.

पाचपैकी चार. एक तारा गेला तो कोष्टकाला आणि प्रिंटरला मिळून.

पण हे कुणी करू नये तेही सांगते. ज्यांच्या डिस्कवर अजून फोटो, हिशोब, काहीही हवं असलेलं आहे, त्यांनी यातलं एक पाऊलही टाकू नये. आधी 'डीडीरेस्क्यू' नावाचा प्रोग्रॅम आहे, तो दुसऱ्या चांगल्या डिस्कवर सगळं उतरवतो. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेलं शेवटी घेतो आणि कुठे पोचला त्याची नोंद फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे लाईट गेली तरी तिथूनच पुढे. माझ्या दुकानदाराने फॉरमॅटआधी हे केलं असतं तर साखरपुडा वाचला असता. आणि ज्यांची डिस्क ठोके देतेय किंवा जिच्यावर खराब जागा सगळीकडे शिंपडल्यासारखी आहे, त्यांच्यासाठी निऱ्या घालायला साडीच उरलेली नाही.

मला चालतं, कारण माझं या डिस्कवर काही राहत नाही. लिस्ट पोर्टलवर, खरी नोंद वहीत, शीट रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर. उद्या बंद पडली तर त्याच जुन्या मिंटच्या पेनड्राइव्हवरून दुपारी लिस्ट करीन. आणि आता झाकण लावण्याआधी मी लॅपटॉप पूर्ण बंद करते. पिशवीही पायापाशी नाही, सीटखाली मावत नाही म्हणून पाठीवर.

दर एक तारखेला हप्त्यांची वही उघडते तेव्हा शेवटच्या पानावर १९७ चा आकडा लिहिते. जून १७३६. जुलै १७३६. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, तेच. डिसेंबरला १७४४. आठ वाढले, म्हणजे एक ब्लॉक. भाच्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की तो एसएसडी कुरिअर करणार आणि पैसे घेणार नाही.